आकडे कारखान्याचे, लॅबची फी कारखान्याची, मग तपासायचं कोणी?

सोलापुरात प्रदूषणाचा विषय काढला की समोरून पहिलं वाक्य ठरलेलं, "मग काय, हे पण बंद पाडता का?" आणि असं विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण या गावाने मिल बंद पडताना बघितल्यात. १८७७ ची जुनी मिल, नंतर लक्ष्मी विष्णू, नरसिंग गिरजी, एकेका भोंग्यावर हजारो घरं उठायची आणि मग एक दिवस भोंगाच वाजेनासा झाला. त्यामुळे चिमणीतून धूर निघतोय म्हणजे कोणाचा तरी पगार निघतोय असं इथल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, त्याआधी कितीतरी वर्षं अख्खं गाव त्या चिमणीच्या उंचीवर भांडत होतं, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण सोलापुरातल्या कुठल्याही चिमणीतून किंवा पाइपातून बाहेर काय पडतं, किती पडतं, आणि तो आकडा खरा की खोटा यावर आपण अशी चर्चा कधी केलीय का? मला तरी आठवत नाही.

आधीच सांगते, मला कुठलाच कारखाना बंद पाडायचा नाहीये. मी यार्नवाल्यांचे आणि दोन-तीन टॉवेलवाल्यांचे हिशोब लिहिते, जीएसटी भरते, माझं घर त्याच धंद्यावर चालतं. माझं म्हणणं एकच आहे, प्रदूषणाचे जे आकडे कारखाना देतो ते ज्याचा त्यात काडीचा फायदा-तोटा नाही अशा माणसाने तपासले पाहिजेत, आणि तो माणूस आसपास राहणाऱ्यांना दिसला पाहिजे, त्याचा कागद वाचता आला पाहिजे.

लोकांना वाटतं की आकडेच नसतात. असं अजिबात नाहीये, आकडे ढिगाने आहेत. कारखाना चालवायचा तर पाणी कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ खाली प्रदूषण मंडळाची संमती लागते, त्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं की रोज किती पाणी वापरायचं, किती सोडायचं, त्यात बीओडी, सीओडी (पाण्यात ऑक्सिजन खाणारी घाण किती ते सांगणारी दोन मापं) किती चालेल, बॉयलरची चिमणी किती मीटर, इंधन कोणतं. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत फॉर्म ५ भरावा लागतो, त्याला पर्यावरण विवरणपत्र म्हणतात, त्यात वर्षभरात पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, कचरा किती निघाला हे सगळं येतं. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी असते, त्यांनी दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा रिपोर्ट द्यायचा असतो आणि २००६ च्या अधिसूचनेतच लिहिलंय की हे रिपोर्ट सार्वजनिक कागद आहेत, मागेल त्याला द्यायचे. त्यावर साखर, डिस्टिलरी, सिमेंट, औष्णिक वीज अशा १७ प्रकारच्या उद्योगांना २०१४ पासून ऑनलाइन मीटर बसवायला लावलेत, त्यांचं रीडिंग थेट मंडळाच्या सर्व्हरला जातं.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग लागलीय, सिमेंटचं ग्राइंडिंग आहे, फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, म्हणजे या १७ मधले बरेच आपल्याकडे आहेत. पण गावाच्या अगदी अंगाला जे चिकटलेत ते छोटे डाईंग (सूत रंगवणारे), सायझिंग (सुताला खळ लावणारे), प्रोसेस हाऊस (कापड धुऊन-रंगवून तयार करणारे), कापड हा प्रकार त्या १७ च्या यादीत नाहीच. त्यांचा आकडा म्हणजे महिन्या-तीन महिन्यांनी येणारा लॅबचा एक कागद.

आणि त्या लॅबला बोलावतो कोण? कारखाना. तारीख कोण ठरवतो? कारखाना. बिल कोण देतो? कारखाना. मी रोज हिशोब बघते म्हणून मला हे लगेच खटकतं. ज्याचे हिशोब तपासायचे त्यानेच ऑडिटर नेमायचा, त्यानेच फी द्यायची आणि रिपोर्ट मनासारखा आला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर आणायचा, असं असेल तर तो रिपोर्ट कसा येणार हे सांगायला सीए व्हायला लागत नाही. लॅबमधली माणसं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, त्यांचंही पोट आहे.

हे माझं नुसतं मत नाही, गुजरातमध्ये याचा चक्क प्रयोग झालाय. तिथे हायकोर्टाच्या आदेशाने १९९६ पासून कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट करायची पद्धत आहे, ऑडिटर कारखान्यानेच नेमायचा. २००९ ते २०११ या काळात एस्थर डफ्लो (यांनाच पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी गुजरात मंडळाला बरोबर घेऊन अहमदाबाद आणि सुरतकडचे ४७३ कारखाने घेतले. त्यातल्या साधारण अर्ध्यांसाठी पद्धत बदलली, ऑडिटर चिठ्ठीने ठरवला, पैसे कारखान्याकडून न जाता एका सामायिक फंडातून ठरलेल्या दराने दिले, आणि ऑडिटर जाऊन आल्यावर काही ठिकाणी दुसऱ्या टीमने गुपचूप परत मोजलं. जुन्या पद्धतीत ऑडिटर सांगत होते की चिमणीतल्या धुळीची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने ओलांडतात. परत मोजल्यावर निघाले ५९ टक्के. आणि ऑडिटरचे आकडे कुठे गोळा झाले होते माहितीये? मर्यादेच्या बरोब्बर खाली, एका घोळक्यात. पद्धत बदलल्यावर खोटं "पास" देणं ८० टक्क्यांनी कमी झालं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की त्या कारखान्यांनी नंतर प्रदूषणही कमी केलं. खरा आकडा बाहेर येणार म्हटल्यावर माणसं यंत्रणा चालवायला लागतात, एवढी साधी गोष्ट आहे ती.

आता २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण ऑडिटचे नियम काढलेत, त्यातही नोंदणीकृत ऑडिटर कारखान्याने न निवडता आपोआप वाटून द्यायचं म्हटलंय. चांगलंय. पण ऑडिटर वर्षातून कधीतरी येणार आणि नाल्याकाठी आपण रोज राहतो, म्हणून मला वाटतं की गावातल्या माणसाचं वाचणं त्या नियमाने संपत नाही, उलट आता जास्त लागेल.

माझं वाचणं सुरू झालं ते माहिती अधिकारातून. २००५ च्या कायद्यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, कागदाच्या झेरॉक्स मागता येतात तशी फाइल बसून बघताही येते, टिपणं काढता येतात, आणि पाणी कायद्याच्या कलम २५ मध्ये तर वेगळंच लिहिलंय की मंडळाने संमतीच्या अटींचं रजिस्टर ठेवायचं आणि त्या सांडपाण्याचा ज्याला त्रास होतो अशा कुठल्याही माणसाला ते कामाच्या वेळेत बघू द्यायचं. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला, तारीख मिळाली, गेले. दोरीने बांधलेल्या फायली, प्लास्टिकची खुर्ची, समोरच्या क्लार्कताई म्हणाल्या, "मॅडम, हे बघायला पहिल्यांदाच कोण आलंय." त्यांनी चहा पण दिला हो. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

एका प्रोसेस हाऊसची फाइल (नाव लिहीत नाही, कारण का ते पुढे येईल) तीन-चार वर्षांची होती. लॅबचे रिपोर्ट एकावर एक लावलेले. बीओडीची मर्यादा ३०, रिपोर्टमध्ये दर वेळी तिशीच्या जरासं खाली, उन्हाळा असो, पावसाळा असो, लग्नसराईची ऑर्डर असो की मंदी. सांडपाणी असं वागत नाही. काळा रंग चालला त्या दिवशी वेगळं, पांढऱ्या टॉवेलचं ब्लीचिंग चाललं त्या दिवशी वेगळं, वर खाली होणारच. माझ्याकडे एखाद्या दुकानाची रोजची विक्री वर्षभर एकसारखी आली तर मी आधी बिलबुक मागवते.

आणि मग एक रिपोर्ट असा आला की मी तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून बघितली. नारळी पौर्णिमा. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, अख्खा पूर्वभाग रस्त्यावर असतो, माग बंद, डाईंग बंद, पद्मशाली समाजातला एक माणूस त्या दिवशी कामावर सापडणार नाही. आणि या कागदावर त्याच दिवशी बॉयलरच्या चिमणीचा नमुना घेतलेला, धुराचं तापमान सुद्धा लिहिलेलं, चांगलं शंभराच्या वर. मालकांना विचारलं तर म्हणाले टायपिंगची चूक असेल. असेलही! मी ती शक्यता खरंच धरते. पण मग ही चूक त्यांच्या मॅनेजरला दिसली नाही, लॅबच्या सही करणाऱ्याला दिसली नाही, फाइल लावणाऱ्याला दिसली नाही, म्हणजे तो कागद लिहिल्यापासून मी बघेपर्यंत कोणी वाचलाच नव्हता. खोटेपणा सिद्ध करणं अवघड आहे, ते माझं कामही नाही, पण न वाचलेला कागद मात्र तिथे ढीगभर आहे आणि त्याच्या जोरावर आपण "सगळं मर्यादेत आहे" असं ऐकून घेतोय.

फाइल वाचायची कशी ते जरा सविस्तर लिहिते, कारण कॉमर्सवाल्यांना हे सायन्सवाल्यांपेक्षा सोपं जाईल असं माझं ठाम मत झालंय. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो, दोन वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले आकडे जुळवायचे. ईटीपी म्हणजे सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र चालवायचं तर ब्लोअर आणि पंप चालणार, म्हणजे वीज जाणार, त्याचा वेगळा मीटर असेल तर महिन्याचे युनिट किती? चुना, तुरटी, पॉलिमर लागतो, त्याची खरेदी किती? आणि पाणी साफ झालं तर घाण कुठेतरी गाळाच्या रूपात साठणार, तो गाळ घातक कचऱ्यात जातो, रांजणगावच्या साइटला गाडी जाते, गाडीबरोबर मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) जातो, त्यावर वजन असतं. वर्षभर लाखो लिटर रंगाचं पाणी साफ केलं म्हणताय आणि गाळाचं वजन दोन-चार पोती, असं कसं होईल? गाळ हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे. फॉर्म ५ मध्ये हे सगळे रकाने असतात, फक्त ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी बघत नाही.

दुसरी गोष्ट, मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असते. सीओडीची मर्यादा २५०. समजा एखाद्याचं रोजचं पाणी १०० घनमीटर आणि सीओडी ५००, म्हणजे रोज ५० किलो घाण बाहेर, नापास. त्याने त्यात १०० घनमीटर चांगलं पाणी ओतलं तर सीओडी २५० वर येतो, पास. नाल्यात गेली किती? तेवढीच, ५० किलो. म्हणून पाण्याचं बिल बघायचं, टँकरची बिलं बघायची, बोअर आहे का बघायचं. आणि ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, बायका रात्री पाणी भरायला उठतात, तिथे चांगलं पाणी घाण पातळ करायला वापरलं जात असेल तर ते मला आकड्याच्या चोरीपेक्षाही जास्त लागतं.

नाल्याची गोष्ट आता. आमच्याकडे एक मामा आहेत, आयुष्यभर डाईंगला काम केलं, हाताची नखं अजून निळसर आहेत. ते नाल्याच्या पुलावर थांबून सांगतात आज कोणती बॅच गेली. एकदा मी बरोबर होते, पहाटेची वेळ, पाणी काळपट आणि सडक्या अंड्यासारखा वास, मामा म्हणाले, "सल्फर ब्लॅक मारलाय की पोरी, सोडियम सल्फाइडचा वास हाय हा, दुसरं कायबी नाही." आणि रिपोर्टात सल्फाइडचा रकानाच नसतो बऱ्याचदा, कापड उद्योगाच्या २०१६ च्या मानकात मात्र सल्फाइड २ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे असं स्पष्ट आहे. मामांनीच मला दुसरी एक गोष्ट शिकवली, टॉवेलला रिअॅक्टिव्ह रंग लावायचा तर मीठ लागतं, पोत्याने लागतं, आणि ते मीठ साध्या ईटीपीत जात नाही, चुना तुरटीने रंग जाईल, मीठ पाण्यातच राहणार. म्हणजे ज्या पाण्याला रंग नाही पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) भरपूर आहे तिथे डाईंगचं पाणी आलंय हे ओळखता येतं. टीडीएसचा मीटर काही शे रुपयांना मिळतो, पेनासारखा, आरओवाले वापरतात तोच. मर्यादा २१०० आहे. पुलावर एकाच जागी, वरच्या अंगाला एक आणि कारखान्यांच्या खालच्या अंगाला एक असं रीडिंग घ्यायचं, वेळ लिहायची, फोटो काढायचा, बस्स. आता गल्लीतली दोन कॉलेजची पोरं आणि मामा मिळून वही ठेवतात. त्या वहीत जे दिसतं ते कुठल्याच सरकारी कागदात दिसत नाही, म्हणजे वेळ. दिवसा आकडा शांत, रात्री अकराच्या पुढे आणि पहाटे उसळी, आणि रविवारी रात्री जरा जास्तच.

या वहीवर कोर्टात खटला उभा राहत नाही हे मला माहितीये. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यायचा, कारखान्याच्या माणसासमोर, त्याचे दोन भाग करून सील करून दोघांच्या सह्या घ्यायच्या, तरच तो पुरावा. पण वहीमुळे मंडळाला सांगता येतं की साहेब, सकाळी अकराला येऊ नका, पहाटे साडेचारला या. हे नुसतं "लई वास येतोय" असं सांगण्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. शिवाय कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूस स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, आणि त्यासाठी मंडळाने आपल्याजवळचे रिपोर्ट त्याला द्यायचे असतात, हे पण कायद्यातच आहे.

हे सगळं पाणी शेवटी कुठे जातं तर सीना नदीत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त, आणि त्यात सीनेचा सोलापूर ते बंकलगी हा पट्टा आहे. शहराचं मैलापाणी त्यात आहेच आणि तो भाग मोठा आहे, सगळं कारखान्यांच्या डोक्यावर टाकणं चुकीचं होईल. पण नेमका वाटा कोणाचा किती हे ठरवायला सुद्धा आकडाच लागतो ना.

हवेचं थोडं वेगळं आहे. २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे, म्हणजे इथली हवा चांगली नाही हे सरकारनेच मान्य केलंय. मोजणी होते ती दोन प्रकारे, एक हाताने, आठवड्यातून दोनदा २४ तास फिल्टर पेपर लावून, वर्षाला कमीत कमी १०४ वेळा, आणि एक ऑटोमॅटिक स्टेशन, ज्याचा आकडा समीर अॅपवर दिसतो. स्टेशन जिथे आहे तिथली हवा ते मोजतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भिंतीला लागून राहणाऱ्या बाईच्या घरातली हवा ते मोजत नाही. थंडीत वारा पूर्वेकडून येतो, पहाटे थंड हवा खाली बसते, धूर वर जातच नाही, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर काळे ठिपके येतात, बोट लावलं की पसरतात. बॉयलरमध्ये काय जाळलं त्याप्रमाणे ठिपका बदलतो, लाकडाची राख करडी भुरभुरीत, बगॅसची म्हणजे उसाच्या चिपाडाची हलकी, मोठी, लांबपर्यंत उडत जाणारी, आणि रबर-प्लास्टिक टाकलं असेल तर चिकट.

सरासरी हा शब्द आला की मी सावध होते. पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा ६०. समजा वीस तास हवा ३० आहे आणि रात्रीचे चार तास २००. सरासरी किती? ५८ आणि काहीतरी. पास! आणि त्या चार तासांत ज्याच्या घरात दम्याचं पोर आहे त्याची रात्र कशी गेली ते त्या ५८ मध्ये कुठे दिसणार? आणखी एक, एक्यूआय म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा काढायला दिवसातले किमान १६ तासांचे आकडे लागतात, म्हणजे रात्रीचे आठ तास मशीन बंद राहिलं तरी त्या दिवसाचा एक्यूआय निघतो. यात कोणी मुद्दाम काही करतंय असा माझा आरोप नाही, लाइट जाते, मशीन बिघडतं. पण म्हणूनच मला सरासरी नको, तासातासाचे आकडे पाहिजेत, आणि जे तास गायब आहेत ते गायब म्हणून दिसले पाहिजेत.

गल्लीत सेन्सर लावू असं पोरांनी म्हटल्यावर मी पण उत्साहात होते. लावलाही. त्यात एक अडचण आहे ती स्पष्ट लिहिलेली बरी, हे स्वस्त सेन्सर लेझरने धुळीचे कण मोजतात, हवेत दमटपणा वाढला की पाण्याने फुगलेले कण मोठे दिसतात आणि आकडा उगाच चढतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून तो आधी सरकारी स्टेशनच्या जवळ काही दिवस ठेवून दोघांचे आकडे जुळवून बघायचे, फरक किती येतो तो लिहून ठेवायचा, मग गल्लीत लावायचा. एवढं न करता व्हॉट्सअॅपवर लाल आकड्याचा स्क्रीनशॉट टाकला तर कारखानेवाला एका वाक्यात आपल्याला खोटं पाडेल, आणि बरोबर पाडेल.

तमिळनाडूत कडलूरला, सिपकॉट औद्योगिक वसाहतीच्या गावांमधल्या लोकांनी २००४ च्या सुमाराला हे काम कसं केलं ते वाचण्यासारखं आहे. साधी प्लास्टिकची बादली, तिच्या आत खास प्रकारची पिशवी, वास आला की पंपाने हवा आत ओढायची आणि लॅबला पाठवायची. पण त्याहून मोठं काम त्यांनी केलं ते वास ओळखण्याचं आणि लिहून ठेवण्याचं, कोणत्या दिशेने, किती वाजता, कशासारखा, कोणाचे डोळे चुरचुरले. मच्छीमार आणि शेतकरी होते ते, केमिस्ट नव्हते. आमच्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आपल्याला काय जड हाय, आपल्याला तर रंगाचं नाव पण येतंय."

आता कारखानदारांची बाजू. मी ज्यांचे हिशोब लिहिते त्यातल्या एका काकांशी बराच वेळ बोलले, त्यांचं छोटं डाईंग आहे, ईटीपी खरंच चालवतात. ते वैतागलेले होते. म्हणाले, "ताई, मी महिन्याला लाइट आणि केमिकलला एवढे घालतो, शेजारचा रात्री नाल्यात सोडतो, त्याचा टॉवेल किलोमागे स्वस्त पडतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं. लॅबच्या कागदावर आम्ही दोघं सारखेच." हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तपासणी नसल्याचा फटका नाल्याकाठच्या लोकांना बसतो तसा प्रामाणिक मालकालाही बसतो. २०१७ ला महाराष्ट्र मंडळाने स्टार रेटिंग सुरू केलं, चिमणीतल्या धुळीच्या चाचण्यांवरून कारखान्याला १ ते ५ स्टार आणि ते सगळ्यांना बघता येतील असे. कल्पना मला आवडते, पण स्टारच्या मागची चाचणी कोणत्या तारखेची, किती वेळा झाली, त्या वेळी बॉयलर किती लोडवर होता, हे पण बरोबर दिसलं तर काकांसारख्यांना त्याचा उपयोग होईल.

आणि एक गोष्ट लिहायलाच पाहिजे, कारण गावात सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही. माहिती अधिकार टाकायचा, कागद मिळवायचे, मालकाला भेटायचं आणि मग अर्ज शांत होतो, असं करणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे आम्ही पहिल्यांदा एका मालकाकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "किती पाहिजेत?" मला रडू आलं तिथेच. त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. कोणाकडून पैसे नाही, चहासुद्धा नाही. जो आकडा कारखान्याच्या बाजूने येईल तो पण तसाच लिहायचा. चूक सापडली तर आधी त्या मालकाला कळवायचं, उत्तराला वेळ द्यायचा, मग पुढे. नाव जाहीर करायचं ते सरकारी नमुना आल्यावरच, म्हणून वर मी त्या प्रोसेस हाऊसचं नाव लिहिलं नाही. स्वतंत्र म्हणवून घ्यायचं तर आपल्यालाही कोणीतरी तपासू शकलं पाहिजे, आमची वही कोणालाही बघायला मिळते, मालकांना पण.

लोकांना खर्चाची भीती वाटते. एनएबीएल (लॅबचं काम तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून पाण्याचा नमुना तपासायला पैसे लागतात, गल्लीने वर्गणी काढली तर वर्षाला एक-दोनदा जमतं, पण नमुना घ्यायची पद्धत सांभाळली पाहिजे, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, बर्फात ठेवायची, त्याच दिवशी पोचवायची, नाहीतर बीओडी वाटेतच बदलतो. कॉलेजातल्या, विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्ट लागतात, पाण्याचे नमुने कुठून तरी गोळा करायचेच असतात, ते आपल्या नाल्यातून करा की! सरांशी बोलणं चालू आहे, बरं वाटतंय ऐकून घेतात ते.

सध्या कुठे अडलंय ते सांगते. गावाजवळच्या एका मोठ्या उद्योगाचे ऑनलाइन मीटरचे आकडे मागितले होते, उत्तरात महिन्याची सरासरी आली, एक पान, बारा ओळी, सगळं मर्यादेत. त्यावर पहिलं अपील टाकलंय. अपिलात मागणी एवढीच आहे की दर १५ मिनिटांचं जे रीडिंग सर्व्हरला जातं तेच द्या, मागच्या गाळप हंगामाचं पूर्ण, मीटर बंद होता ते तास तसेच रिकामे ठेवून, कॅलिब्रेशन (मीटर बरोबर मोजतो का त्याची जुळणी) कोणी कधी केलं त्याच्या कागदासकट, आणि प्रिंट नको, एक्सेल फाइल द्या.

तोपर्यंत पूर्वभागात, शेळगीकडे, नाहीतर सीनेच्या काठाला कोणी राहत असेल आणि रात्री-पहाटे पाणी बघणं जमत असेल तर वेळ आणि फोटो ठेवत चला, अंदाजाने लिहू नका, नाही बघितलं त्या दिवशी पान रिकामं सोडा. फॉर्म ५ ची तारीख ३० सप्टेंबर आहे, त्यानंतर या वर्षीचे फॉर्म मागायचे आहेत, गाळाचं वजन आणि ईटीपीचे युनिट जुळवायला दोन-तीन माणसं लागतील, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येत असेल तर फारच उत्तम.